'बरे' या शब्दाचा जमाखर्च : तुकोबा आणि १६३० चा दुष्काळ

१

संकटातही देवाची स्तुती करणारी कविता बहुतेक सर्व भाषांत आढळते. संकटाबद्दलच देवाचे आभार मानणारी कविता मात्र त्या मानाने विरळा. पहिल्या प्रकारात कवी दुःखाकडे पाठ न फिरवता, त्याच्या पलीकडे जे उरले आहे त्यासाठी हात जोडतो. दुसऱ्या प्रकारात तो दुःखालाच देणगी मानतो. 'असूनही' आणि 'म्हणून' या दोन अव्ययांत जेवढे अंतर आहे, तेवढेच या दोन प्रकारच्या कृतज्ञतेत आहे.

मराठीतील या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण तुकोबांचे आहे. धंदा बुडाला, दुष्काळाने छळले, गुरेढोरे गेली, चारचौघांत मान गेला. आणि या प्रत्येक गोष्टीपुढे तुकोबा 'बरे' असा शेरा मारतात. हा अभंग पाठ्यपुस्तकांत येतो, कीर्तनांत येतो, कोणाच्या सांत्वनालाही वापरला जातो. वर्गात शिकवताना त्याचा अर्थ बहुधा एका वाक्यात उरकतो : ऐहिक गेले, पारमार्थिक मिळाले. आम्हीही अनेक वर्षे तो असाच उरकत आलो आहोत.

परंतु याच कवीने दुसऱ्या एका अभंगात सांगून ठेवले आहे की, त्या दुष्काळात त्याची एक बायको अन्नासाठी आक्रोश करीत मेली. ही दोन विधाने शेजारी ठेवली की एक प्रश्न टाळता येत नाही, आणि दुष्काळी तालुक्यातून आलेला एखादा विद्यार्थी तो विचारल्यावाचून राहत नाही : ज्या दुष्काळात घरचे माणूस भुकेने गेले, त्या दुष्काळाला 'बरे' म्हणणे ही भक्ती की निर्दयता? प्रश्न उद्धट वाटला तरी रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचे तर आधी इतिहासाकडे आणि मग पुन्हा शब्दांकडे जावे लागते.

२

१६३० साली गुजरात आणि दख्खन या दोन्ही प्रांतांत पावसाने दगा दिला. पुढच्या वर्षी गुजरातेत अतिवृष्टीने उरलेसुरले पीक नेले. १६३० ते १६३२ या काळातला हा दुष्काळ हिंदुस्थानच्या ज्ञात इतिहासातील भीषण दुष्काळांपैकी एक मानला जातो. त्याचे दोन समकालीन साक्षीदार महत्त्वाचे आहेत. एक, शाहजहानच्या दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी. दुसरा, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी, जो १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे निघाला होता. लाहोरी दरबारी लेखक. धन्याच्या राज्यात सारे आलबेल आहे असे लिहिणे हा त्याचा धर्म. तरीही पिठात हाडांची भुकटी मिसळून विकली जात होती आणि भुकेपुढे मायेची नाती टिकत नव्हती, हे त्याला नोंदवावे लागले. मंडीने वाटेवर प्रेतांचा खच पाहिला. मुक्कामाला तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा मिळणेही त्याला कठीण गेले.

त्या वेळी शाहजहान खुद्द बऱ्हाणपुरास होता. निजामशाहीविरुद्धची मोहीम चालू होती. त्याची बेगम मुमताजमहल १६३१ साली त्याच मुक्कामी वारली. लाहोरी सांगतो की, बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत येथे लंगर उघडण्यात आले, आणि बऱ्हाणपुरास दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटण्यात आले. दुष्काळाचे हे दरबारी चित्र. त्यात दान आहे, साराफेक आहे. पण एवढ्या मोठ्या फौजेच्या तळाला धान्य लागते, वैरण लागते, आणि ती भोवतालच्या मुलखातूनच ओढली जाते, हा हिशेब मात्र त्यात नाही.

पुणे प्रांताची अवस्था याहून बिकट होती. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त केले. गावावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार रोवली, असे परंपरा सांगते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला होता. म्हणजे आपण ज्याला एका युगाचा आरंभ मानतो, तो काळ सामान्य कुणब्याच्या आणि वाण्याच्या दृष्टीने सर्वनाशाचा होता. अस्मानी आणि सुलतानी हा जोडशब्द मराठीत वाक्प्रचार होऊन बसला आहे. पुण्याच्या आसपासच्या गावांनी त्या दोन-तीन वर्षांत तो शब्दशः भोगला.

इंद्रायणीकाठचे देहू हे अशा गावांपैकीच एक. रूढ कालगणनेनुसार तुकोबांचा जन्म १६०८ चा. म्हणजे दुष्काळ पडला तेव्हा ते बाविशीत होते. घराकडे गावची महाजनकी, बाजारात दुकान, देवाणघेवाणीचा व्यवहार, दोन बायका आणि पोरेबाळे असा त्यांचा पसारा होता. आईवडील नुकतेच गेलेले. थोरले बंधू सावजी विरक्त होऊन घराबाहेर पडलेले. तेव्हा कुटुंबाचा भार याच तरुण खांद्यांवर होता. दुष्काळात वाण्याचे दिवाळे दोन्हीकडून निघते : ज्यांना उधार दिले ते फेडू शकत नाहीत, आणि ज्यांच्याकडून घेतले ते थांबत नाहीत. शेतकऱ्याचे शेत निदान जागेवर राहते, पुढच्या पावसाची वाट पाहते. वाण्याची पत एकदा गेली की ती पावसाने उगवत नाही.

३

गाथ्यात या अनुभवाशी थेट भिडणाऱ्या तीन रचना आहेत. त्या स्वतंत्रपणे सगळ्यांना माहीत आहेत. एकत्र मात्र क्वचित वाचल्या जातात. येथे त्यांतील ओळी न देता केवळ आशयाचा क्रम मांडतो. वाचकांनी गाथा उघडून पडताळून पाहावे.

पहिली रचना आत्मचरित्रपर आहे. संतांनी विचारले म्हणून, खरे तर बोलू नये तरी सांगतो, अशा संकोचाने ती सुरू होते. जात, व्यवसाय आणि कुळाचे दैवत सांगून झाल्यावर आईवडिलांच्या मृत्यूचे दुःख येते. मग दुष्काळ : द्रव्य आटले, मान गेला, आणि एका बायकोचा भुकेने झालेला मृत्यू. याच्या लगेच पुढे शब्द येतो तो लज्जेचा. जिवाला लाज वाटली, या दुःखाने त्रासलो, असे कवी म्हणतो. त्यानंतर व्यवसायातली तूट, देवाच्या पडक्या देवळाची दुरुस्ती, एकादशीचे कीर्तन, संतवचनांचे पाठांतर, कवित्वाची स्फूर्ती, निषेधाचा आघात, वह्या बुडवणे आणि शेवटी देवाने केलेले समाधान, असा क्रम आहे. या संपूर्ण कथनात दुष्काळापाशी 'बरे' हा शब्द नाही. तेथे लाज आहे.

दुसरी रचना म्हणजे 'बरे'ची यादी. तिच्यात दिवाळे आहे, दुष्काळाची पीडा आहे, त्यातून झालेला अनुताप आणि संसाराची आलेली शिसारी आहे. कजाग बायको, लोकांतील दुर्दशा आणि अपमान, गेलेले धन आणि गुरेढोरे आहेत. लोकलाज सोडणे, देवाला शरण येणे, देऊळ करणे, बायकापोरांकडे दुर्लक्ष करणे आणि सरतेशेवटी एकादशीचा उपास व जागरण आहे. यादी लांबलचक आहे. पण एक नोंद तिच्यात नाही, ती म्हणजे भुकेने मेलेली बायको. दिवाळे, गुरे, अपमान यांच्याबरोबर ती नोंद सहज बसली असती. छंदाला ती जड नव्हती, आशयाला ती सोयीची होती. तरी ती तेथे नाही.

तिसरी रचना सर्वांत लहान आणि सर्वांत कठोर आहे. तिच्यात बाप, बायको, पोर आणि आई असे चार मृत्यू एकामागोमाग येतात, आणि आता विठोबाचे व आपले राज्य निर्वेध झाले असे कवी म्हणतो. येथे पोराच्या मृत्यूला तो 'बरे' म्हणतो. बायकोच्या मृत्यूला मात्र येथेही 'बरे' म्हणत नाही. ती 'मुक्त' झाली, असे म्हणतो. मुक्त कशातून, हे सांगत नाही. मायेतून, अशी पारमार्थिक व्याख्या नेहमी केली जाते. ज्याने पहिली रचना वाचली आहे त्याला दुसरा अर्थही ऐकू येतो : ती भुकेतून सुटली.

या तीन रचनांचा कालक्रम ठरवणे शक्य नाही. गाथ्याची संपादने वेगवेगळ्या पोथ्यांवर आधारलेली आहेत. १८६९ ची इंदुप्रकाशची प्रत असो, वि. ल. भाव्यांनी संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून छापलेला पाठ असो किंवा १९५० ची सरकारी प्रत असो, अभंगांचा क्रम हा रचनेचा क्रम नव्हे. तरी एवढे निश्चित म्हणता येते की पहिल्या दोन रचना दुष्काळानंतर पुष्कळ काळाने झालेल्या आहेत. एकीत वह्या बुडवल्याचा उल्लेख आहे, दुसरीत देऊळ करून झाल्याचा. म्हणजे 'बरे' हा उद्गार दुष्काळातला नव्हे. दुष्काळात होती ती लाज. 'बरे' नंतर आले, मागे वळून पाहताना आले, आणि तेव्हाही ते सरसकट आले नाही.

आम्हाला वाटते की विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. तुकोबांनी दुष्काळाला बरे म्हटले ते स्वतःच्या नुकसानीपुरते. आपले धन, आपला मान, आपली गुरे. जिने आपल्या देहाने त्या दुष्काळाची किंमत मोजली, तिच्या वतीने 'बरे' म्हणण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही. हे जाणूनबुजून झाले असेल किंवा नकळत. पण शब्दांनी ती मर्यादा पाळली आहे.

उरलेले अर्धे उत्तर इतके सुखद नाही. पोराच्या मृत्यूबद्दलचा 'बरे' तिसऱ्या रचनेत आहेच. आणि दुसऱ्या यादीत बायकापोरांची उपेक्षा ही जमेच्या बाजूला टाकलेली आहे. येथे कवी केवळ स्वतःच्या नुकसानीबद्दल बोलत नाही, आपण दुसऱ्यांचे जे नुकसान केले त्याबद्दल बोलतो आहे. ही ओळ गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. महिपतीबुवांनी आपल्या चरित्रग्रंथांत जिजाईला कजाग रंगवली. मात्र भंडाऱ्याच्या डोंगरावर बसलेल्या नवऱ्याला शोधत, भाकरी घेऊन डोंगर चढणारी जिजाईही त्याच परंपरेने जपली आहे. तुकोबांच्या विरक्तीला जेवू कोण घालत होते, हे चरित्रकारांनी लपवलेले नाही. जिजाईचा अभंग नाही. असता तर त्यात 'बरे' हा शब्द कितीदा आला असता, याचा विचार प्रत्येक वाचकाने करावा.

४

तुकोबांचा हा सूर आकाशातून पडलेला नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंती कृष्णापाशी संकटेच मागते. कारण संकटात त्याचे दर्शन घडते. दहाव्या स्कंधात, ज्याच्यावर कृपा करायची त्याचे धन भगवंत हळूहळू काढून घेतो, असा सिद्धान्त येतो. पण तुकोबांना सर्वांत जवळचा पूर्वज म्हणजे अकराव्या स्कंधातील भिक्षुगीताचा नायक. अवंती देशातला हा धनवान, कृपण ब्राह्मण. शेती आणि व्यापार करून त्याने अमाप द्रव्य जमवले. आप्त, चोर, राजा आणि काळ यांनी ते नेले. घरच्यांनीही पाठ फिरवली. तेव्हा त्याला वैराग्य आले आणि ज्याने आपल्याला या दशेला आणले तो देव आपल्यावर प्रसन्नच असला पाहिजे, असे तो म्हणाला. एकनाथांनी १५७३ साली वाराणसीत पूर्ण केलेल्या भागवतात हा प्रसंग मराठीत विस्ताराने आला आहे. तुकोबा भंडाऱ्यावर एकनाथी भागवताची पारायणे करीत असे परंपरा सांगते. बुडालेला व्यापारी आणि त्यातून उमजलेली कृपा, हा साचा त्यांच्यापुढे तयार होता.

साच्याशी तुलना केली की तुकोबांचे वेगळेपण दिसते. अवंतीचा ब्राह्मण कृपण होता. त्याचे नुकसान हे त्याच्या दोषाचे फळ होते आणि म्हणून कथेत ते न्याय्य वाटते. तुकोबा कृपण होते असे कोणी म्हणत नाही. शिवाय ब्राह्मणाचे नुकसान खाजगी होते, त्याच्याबरोबर सारा मुलूख उपाशी मरत नव्हता. कुंती जेव्हा संकटे मागते तेव्हा युद्ध जिंकून झालेले असते आणि धर्मराज सिंहासनावर बसण्याच्या बेतात असतो. तुकोबांच्या मागे जिंकलेले युद्धही नाही आणि स्वतःचा दोषही नाही. त्यामुळे पुराणातली उत्तरे त्यांना तयार कपड्यासारखी अंगात घालता आली नाहीत. त्यांना ती उसवून पुन्हा शिवावी लागली.

याच दशकातील दुसरे एक उदाहरण दूरदेशीचे आहे, पण ते तुलनेसाठी उपयोगी पडते. जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध (१६१८ ते १६४८) चालू होते. सॅक्सनीतल्या आयलेनबुर्ग या तटबंदीच्या गावात मार्टिन रिंकार्ट नावाचा धर्मोपदेशक होता. युद्धाने पळवून लावलेले लोक गावात दाटलेले आणि त्यातच १६३७ साली प्लेग आला. रिंकार्टने त्या वर्षी चार हजारांहून अधिक माणसांचे अंत्यविधी केले असे सांगतात. त्यांत त्याची बायकोही होती. देवाचे आभार मानण्याचे आवाहन करणारे त्याचे स्तोत्र, जे पुढे प्रॉटेस्टंट जगात घरोघरी गायले जाऊ लागले, ते याच काळाच्या आसपासचे. रिंकार्ट १६४९ साली वारला. तुकोबांचे निर्याण १६५० च्या सुमाराचे. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

रिंकार्ट प्लेगबद्दल आभार मानत नाही. आईच्या कडेवर असल्यापासून आजवर जे मिळत आले त्याबद्दल तो आभार मानतो आणि पुढे शांती मागतो. त्याची कृतज्ञता 'असूनही' या जातीची आहे. भुकेच्या आणि मरणाच्या गावात ती उरलेल्या भाकरीकडे पाहते. तुकोबा नसलेल्या भाकरीकडे पाहतात. यादीच्या शेवटी एकादशीचा उपास यावा, याला फार अर्थ आहे. दुष्काळात उपास लादला जातो. एकादशीला तो धरला जातो. पोट दोन्ही वेळा रिकामेच असते. पण पहिला उपास माणसाला लाचार करतो, आणि दुसऱ्यात तोच माणूस आपल्या भुकेचा धनी होतो. तुकोबांचा सारा खटाटोप लादलेल्या उपासाचे धरलेल्या व्रतात रूपांतर करण्याचा आहे. दुष्काळाला ते नाकारू शकत नव्हते. त्याचे नाव बदलणे मात्र त्यांच्या हातात होते.

५

हे नाव बदलण्याचे काम त्यांनी वाण्याच्या पद्धतीने केले आहे. 'बरे'ची यादी ही खतावणी आहे. व्यवहारात जे नावे टाकायचे ते एकेक करून येथे जमेला टाकलेले आहे. प्रत्येक नोंदीपुढे तोच शेरा, तोच ठसा. भावनेचा उमाळा असता तर तो एकदोनदा येऊन ओसरला असता. ही पुनरावृत्ती उमाळ्याची नाही, हिशेब तपासणाऱ्याची आहे. वही बंद करण्यापूर्वी तो प्रत्येक रकमेवर बोट ठेवून पुढे जातो आहे.

या हिशेबाचा एक व्यावहारिक परिणामही परंपरेने नोंदवला आहे. महिपतीबुवांच्या कथनानुसार, घरात लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद होते. तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबा यांना संसार करायचा होता, म्हणून त्यांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. ही कथा तुकोबांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. वर पाहिलेल्या आत्मचरित्रपर अभंगात या कागदांचा उल्लेख नाही. इतिहास म्हणून तिच्यावर किती भार टाकावा, याचे तारतम्य हवे. पण लोकस्मृतीने तुकोबांच्या विरक्तीची खूण म्हणून नेमकी ही गोष्ट निवडली, हे अर्थपूर्ण आहे. दुष्काळात ज्यांच्याकडे येणे होते ते कोण? बहुधा त्यांच्यासारखेच नागवलेले कुणबी आणि कारागीर. सावकाराने कागद बुडवणे म्हणजे त्या घरांवरचा बोजा उतरणे. म्हणजे आपले बुडाले ते 'बरे' असे म्हणणाऱ्याने, दुसऱ्याचे बुडू नये याची तजवीज केली, असे लोकांनी लक्षात ठेवले. शिवाय धाकट्या भावाच्या वतीने त्याग करण्याचा मोह टाळला, हेही लक्षात ठेवले.

हिशेबाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. पुढे जेव्हा कवित्वाला विरोध झाला आणि वह्या पाण्यात गेल्या, तेव्हा तुकोबांनी 'बरे' म्हटले नाही. ते देवाच्या दारात धरणे धरून बसले. धरणे हा शब्द आज मोर्चाच्या बातम्यांतून ओळखीचा झाला असला तरी तो मूळचा वसुलीतला आहे. ऋणको पैसे देईना की धनको त्याच्या दारात अन्नपाणी सोडून ठाण मांडायचा. म्हणजे ज्याने माणसांकडले येणे पाण्यात सोडले, तोच देवाकडले येणे वसूल करायला बसला. गाथ्यात असे अभंग पुष्कळ आहेत, ज्यांत तुकोबा देवाला बुडव्या म्हणतात, त्याच्या मोठेपणाची उलटतपासणी करतात, आपल्यापुरता तो मेलाच असे म्हणण्यापर्यंत जातात. 'बरे'चा अभंग या भांडणाच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवा. ज्याला देवाशी भांडता येते त्याच्या आभाराला वजन असते. ज्याच्या तोंडून केवळ आभारच निघू शकतात, त्याचे आभार आणि त्याची भीती यांतला फरक ओळखणे कठीण.

६

संतांनी समाजाला सोसण्याची सवय लावली, हा आक्षेप जुना आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो कडवट शब्दांत मांडला, गं. बा. सरदारांनी १९५० साली 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' लिहून त्याचा साक्षेपी विचार केला. आमच्यापुढचा प्रश्न त्या वादापेक्षा लहान आहे. 'बरे' हा शब्द तुकोबांनी उच्चारला तेव्हा त्याचा अर्थ एक होता. दुसऱ्याने दुःखिताला ऐकवला की तो वेगळा होतो. उत्तमपुरुषातली कृतज्ञता द्वितीयपुरुषात नेली की तिची आज्ञा होते. 'माझे बुडाले ते बरे झाले' ही भक्ती. 'तुझे बुडाले ते बरे झाले असे समज' हा अगोचरपणा. व्याकरणातल्या या एवढ्या बदलाने अनेक सांत्वने असह्य होतात.

याच पुणे परिसरात, तुकोबांच्या दुष्काळानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी, १८७६-७८ चा दुष्काळ पडला. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातल्या उपासमारीचे आणि सावकारांच्या वागणुकीचे वर्णन आहे. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळपीडित मुलांसाठी अन्नछत्र चालवले. याच जोतीरावांनी पुढे अभंगाच्याच घाटावर 'अखंड' लिहिले आणि निर्मिकाची स्तुती केली. त्यांच्या निर्मिकाने सर्वांना सारखे दिले आहे. तुटवडा माणसांनी केलेला आहे. त्यामुळे दुष्काळाबद्दल निर्मिकाचे आभार मानण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे येत नाही, आणि त्याला बोल लावण्याचाही येत नाही. स्तुती निर्मिकाची आणि जाब माणसाला, अशी ही वाटणी आहे.

तुकोबा आणि जोतीराव यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे सोपे आहे. तसे पुष्कळदा केले जाते. आम्हाला ते दोघे एकाच प्रश्नाची दोन टोके हाताळताना दिसतात. उपाशी मुलांना जेवू घालायचे असते. त्यांच्या भुकेला कोणी 'बरे' म्हणता कामा नये. ही जोतीरावांची बाजू आहे, आणि तुकोबांनी एका मृत्यूपुरता पाळलेला संयम तिच्या विरोधात जात नाही. पण अन्नछत्र उघडून झाले, पाऊस पडला, बाजार भरू लागला, तरी ज्याच्या घरचे माणूस गेले त्याच्यापुढे एक प्रश्न उरतोच : या आठवणीसह जगायचे कसे? तेथे अन्नछत्राचे काम संपते. तुकोबांची यादी त्या उरलेल्या आयुष्याची आहे.

वर्गात त्या विद्यार्थ्याला आता आम्ही काय सांगावे? एवढेच की, 'बरे'चा अभंग शिकताना लाजेचा अभंग त्याच्यासोबत शिकावा. पहिल्यात जी नोंद नाही ती दुसऱ्यात आहे. तुकोबांनी सगळा हिशेब जमेला फिरवला आणि एक रक्कम तशीच नावे राहू दिली. ती त्यांनी फिटलेली दाखवली नाही. तिच्याखाली अन्नाच्या आक्रोशाचे शब्द आहेत, लज्जेचा शब्द आहे, आणि तिचे नावसुद्धा नाही. परंपरा तिला रखमा म्हणते.